हरणाऱ्याची १,१०,८८८ मतं

मुंबईहून अहमदाबादकडे निघालात की महामार्ग सुरत शहराला डावीकडे ठेवून पुढे जातो आणि तापी ओलांडतो. त्या पुलाच्या अलीकडे कामरेज. खाली वाहणारं पाणी जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेलं, आणि रस्त्यावर मराठी पाट्यांचे ट्रक. आपल्यातले हजारो लोक इथून दरवर्षी जातात. पण भारतीय निवडणुकीच्या गणितातल्या काही नवलाच्या गोष्टी या एका मतदारसंघात एकत्र सापडतात, हे किती जणांच्या लक्षात येतं?

८ डिसेंबर २०२२ रोजी गुजरात विधानसभेची मतमोजणी झाली. कामरेजमधून भारतीय जनता पक्षाचे प्रफुल पानशेरिया निवडून आले, १,८५,५८५ मतं मिळवून. दुसऱ्या क्रमांकावर आम आदमी पक्षाचे राम धडूक, १,१०,८८८ मतं. फरक ७४,६९७.

आता याच सुरत जिल्ह्यातला दुसरा मतदारसंघ बघा, सुरत उत्तर. तिथे एकूण मतदारच होते सुमारे १ लाख ६३ हजार. मतदानाला आलेले नव्हे, यादीत नाव असलेले सगळे मिळून! म्हणजे कामरेजच्या विजेत्याला जेवढी मतं पडली, तेवढी माणसं सुरत उत्तरच्या मतदारयादीतही नव्हती. आणि तिथल्या प्रत्येक मतदाराने एकाच उमेदवाराला मत दिलं असतं, तरी त्याला कामरेजच्या विजेत्याची बरोबरी साधता आली नसती. विधानसभेत मात्र दोन्हीकडच्या आमदारांची खुर्ची एकेकच, मतही एकेकच.

हे झालं कसं? कोणी मुद्दाम केलं का? अजिबात नाही. २००८ मध्ये मतदारसंघांच्या नव्या सीमा लागू झाल्या तेव्हा मोजमाप होतं २००१ च्या जनगणनेचं. त्या वेळी गुजरातची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर, जागा १८२. वाटणी केली की मतदारसंघामागे आली मुलाबाळांसकट पावणेतीन लाख माणसं. सीमा कागदावर आखल्या गेल्या आणि तिथेच थांबल्या. माणसं थांबली नाहीत. २०२२ मध्ये कामरेजमधले नुसते मतदारच पाच लाखांच्या वर गेले होते!

ही माणसं आली कुठून? बरीचशी सौराष्ट्रातून. अमरेली, भावनगरच्या दुष्काळी पट्ट्यातली तरुण मुलं सुरतेत आली, ‘घंटी’वर म्हणजे हिऱ्याला पैलू पाडायच्या चाकावर बसली. मागून भाऊ आले, मेहुणे आले, अख्खी गावं आली. सुरतेतलं वराछा भरलं, पुणा भरलं, सरथाणा भरलं, आणि वस्ती कामरेजच्या दिशेने पसरत गेली. इथे इतिहासाचा एक सुंदर योगायोग आहे. अमरेली आणि कामरेज, एकमेकांपासून इतक्या लांबचे हे दोन्ही मुलूख एके काळी बडोद्याच्या गायकवाडांचे होते. कामरेज नवसारी प्रांतात, अमरेली स्वतःच एक प्रांत. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये सुरू केला तो अमरेलीतच, आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. त्या मुलखातल्या लोकांची नातवंडं-पतवंडं आज कामरेजमध्ये मत देतात, आणि त्यांनी निवडून दिलेले पानशेरिया २०२२ च्या डिसेंबरात राज्यमंत्री झाले ते प्राथमिक शिक्षणासह शिक्षण खात्याचेच.

पुढचं नवल याहून मोठं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरत महापालिकेच्या १२० जागांपैकी २७ आम आदमी पक्षाने जिंकल्या, त्याही याच सौराष्ट्री पाटीदार वस्त्यांच्या बळावर. काँग्रेसला एकही नाही. त्यामुळे विधानसभेला सगळ्यांचे डोळे सुरतेकडे लागले होते. निकाल? सुरत जिल्ह्यातल्या सोळाच्या सोळा जागा भाजपकडे. ‘आप’ला राज्यात पाच जागा मिळाल्या खऱ्या, पण त्यांतल्या चार, म्हणजे बोटाद, गारियाधार, विसावदर आणि जामजोधपूर, थेट सौराष्ट्रात! सौराष्ट्रातून आलेल्यांच्या शहरात पराभव आणि त्यांच्या मूळ मुलखात विजय. शहराने गावाचं मन वळवलं असेल, की शहरातल्या मनाची चिंताच वेगळी होती? मला हा प्रश्न निकालापेक्षाही अधिक खिळवून ठेवतो.

आता राज्याचे आकडे जरा शांतपणे वाचा. २०१७ मध्ये भाजपला ४९ टक्के मतं आणि ९९ जागा. २०२२ मध्ये साडेबावन्न टक्के मतं आणि १५६ जागा. मतं वाढली साडेतीन टक्के, जागा वाढल्या ५७! दुसऱ्या बाजूला, २०१७ मध्ये काँग्रेसला मिळालेली मतं ४१.४ टक्के. २०२२ मध्ये काँग्रेसची २७.३ आणि ‘आप’ची १२.९ एकत्र केली तर ४०.२. बेरीज जवळपास तेवढीच. पण २०१७ मध्ये त्या बेरजेच्या पदरात ७७ जागा होत्या, २०२२ मध्ये दोन्ही पक्ष मिळून २२.

कारण राज्याची निवडणूक हा एक सामना नसतोच. तो १८२ वेगवेगळ्या कबड्डीच्या सामन्यांचा दिवस असतो. एका गुणाने जिंका नाहीतर चाळीस गुणांनी, खात्यात विजय एकच. अहमदाबादमधल्या घाटलोडियात भाजपचे भूपेंद्र पटेल १,९२,२६३ मतांनी जिंकले, कच्छमधल्या रापरला भाजपचाच उमेदवार ५७७ मतांनी. दोन्हींचं मोल एक-एक जागा. अशा व्यवस्थेत समोरची मतं दोघांत वाटली गेली की जागा घसरत नाहीत, कोसळतात.

पण थांबा, या उत्तरावर समाधान मानून कामरेजला परत आलात तर ते इथे लागूच पडत नाही. कामरेजमध्ये काँग्रेसचे निलेश कुंभाणी तिसरे आले. त्यांची सगळी मतं धडूक यांच्या पारड्यात टाकली तरी पानशेरियाच जिंकतात, कारण झालेल्या मतदानातली निम्म्याहून अधिक मतं त्यांची होती. मतविभागणी राज्याचा निकाल बराचसा उलगडते, कामरेजचा नाही. इथे मतदारयादीच्या प्रत्येक पानापर्यंत पोचलेलं संघटन कामी आलं असं मला वाटतं. एका पानावरच्या तीसेक नावांची जबाबदारी त्याच पानावरच्या माणसांवर सोपवायची, ही ती पद्धत. तेव्हाच्या गुजरात भाजपच्या अध्यक्षांनी या पेज समित्यांवर सगळा भर दिला होता. ते अध्यक्ष सी. आर. पाटील, मूळचे जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराउतचे!

आणि ज्यांच्या हाती जागा लागली नाही, त्या १,१०,८८८ मतांचं काय झालं? ती वाया गेली म्हणू नका. राज्यभरच्या अशाच मतांनी ‘आप’ची टक्केवारी बनली, तिच्या आणि पाच जागांच्या जोरावर गुजरात हे दिल्ली, पंजाब, गोव्यानंतर त्या पक्षाच्या मान्यतेचं चौथं राज्य ठरलं, आणि १० एप्रिल २०२३ रोजी निवडणूक आयोगाने त्याला राष्ट्रीय पक्ष म्हटलं. कामरेजमध्ये हरलेलं मत असं दिल्लीच्या कागदावर उमटलं.

हे गणित गुजरातपुरतं नाही. २०२४ च्या विधानसभेला आपल्या चिंचवडमध्ये सहा लाखांहून अधिक मतदार होते, मुंबईतल्या वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास. जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतर सीमा नव्याने आखल्या जातील तेव्हा परिसीमन आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो आणि लोकांच्या हरकती मागवतो. त्या मसुद्यात तुमची गल्ली कुठल्या मतदारसंघात गेली ते जरूर वाचा, आणि पटलं नाही तर मुदतीच्या आत लेखी कळवा.