महाडवरून ताडोब्याला निघालाय? मग लॅपटॉप बॅगेत टाकण्याआधी हे वाचा

महाड-पोलादपूरच्या माणसाला जंगलाचं कौतुक सांगायची गरज नाही. पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, आणि त्याच्या पलीकडे कोयनेचं जंगल. ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर ताडोब्यातली एक वाघीण आणून चांदोलीत ठेवली. म्हणजे वाघ आपल्याकडे यायला लागलेत.

पण जिप्सीत बसून, समोर वाघ बघायचा तर आजही लोक ताडोबाच गाठतात. महाडच्या जवळचं वीर स्टेशन धरलं तर पनवेल किंवा ठाण्यापर्यंत एक गाडी, मग विदर्भ, सेवाग्राम नाहीतर दुरांतोने नागपूर, आणि तिथून पुढे मोहर्ली, कोलारा, नवेगाव असं जे गेट मिळालं असेल ते. महाराष्ट्राचं एक टोक सोडून दुसरं टोक गाठायचं म्हटल्यावर बॅगाही तशाच भरल्या जातात. मोबाइल, कॅमेरा, पॉवर बँक, इअरबड्स, आणि ‘ऑफिसचा फोन आला तर’ म्हणून लॅपटॉप. शिवाय प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच, जो विचारतो, “ड्रोन घेऊ का?”

त्याला आधी उत्तर देऊन टाकू. नाही. व्याघ्र प्रकल्पात पर्यटकाने ड्रोन उडवायचा प्रश्नच येत नाही. तो घरी राहू दे.

बाकीच्या सामानाचं मात्र नीट बघायला हवं. कारण ज्या वस्तूशिवाय आपण घराबाहेर पडत नाही, तीच गेटवर काढून ठेवावी लागते.

मोबाइल का नेऊ देत नाहीत?

३१ डिसेंबर २०२४. नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव गेटकडे एफ-२ नावाची वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि वाघीण पिल्लांसकट मधेच अडकली. त्याचे व्हिडिओ व्हायरल झाले, वनविभागाने चालक आणि गाइडवर कारवाई केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

आता यात मोबाइलचा दोष काय, असं तुम्ही म्हणाल. दोष दोन ठिकाणी. एका जिप्सीला वाघ दिसला की गाइडचा दुसऱ्याला फोन जातो, दुसऱ्याचा तिसऱ्याला, आणि दहा मिनिटांत त्या वळणावर जत्रा भरते. दुसरं म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याला लांबचं नीट टिपता येत नाही. त्यामुळे पर्यटक चालकाला म्हणतो, “अजून थोडी पुढे घ्या ना.” मोठी लेन्स असलेला माणूस दीडशे फुटांवरून समाधानी असतो, मोबाइलवाल्याला वाघाच्या मिशा हव्या असतात.

ताडोब्याने हे आधीच ओळखलं होतं, तिथे मोबाइलबंदी २०१८ पासूनची. १७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणात निकाल देताना देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर भागातल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई केली, रात्रीची सफारीही बंद केली. त्यामुळे आता ‘आमचा गाइड ओळखीचा आहे’ हे चालत नाही.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा. फोन रूमवर ठेवा किंवा गेटवर जमा करा. ओळखपत्र फोनमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बुकिंगला जे दिलंय तेच मूळ कार्ड आणि परमिटची छापील प्रत खिशात हवी. स्मार्टवॉच चालेल का, बफरच्या गेटवर काय नियम आहे, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. आणि फोटो हवेच असतील तर साधा का होईना, वेगळा कॅमेरा लागेल.

अजून एक गोष्ट महाड-पोलादपूरकरांसाठी खास. कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, पण बफरचे काही गेट पावसाळ्यातही सुरू असतात आणि गर्दी कमी म्हणून लोक जातात. इकडे घरी आई-वडील असतात, सावित्री चढलेली असते. २२ जुलै २०२१ चा दिवस इथे कुणाला सांगायला नको. महाड पाण्याखाली, तळियेवर दरड, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी, लाइट गेलेली, फोन लागेनात. बाहेरगावी असलेल्या माणसाने त्या रात्री काय काढलं असेल ते त्यालाच ठाऊक. म्हणून पावसाळ्यात जाणार असाल तर सफारीच्या चार तासांत फोन लागणार नाही हे घरी आधी सांगा, आणि रिसॉर्टच्या कार्यालयाचा नंबर कागदावर लिहून देऊन जा. फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर फोन बंद पडल्यावर कामाचा नसतो.

मग लॅपटॉपचं काय?

लॅपटॉप सफारीला नेत नाहीत, तो रूमवरच राहणार. प्रश्न एवढाच की रूमवर तो करणार काय?

ऑफिसचं काम असेल तर माझं स्पष्ट मत, सुट्टी टाका नाहीतर जाऊ नका. पहाटे साडेचारला उठून, दोन सफाऱ्या करून, धुळीने माखून आलेला माणूस रात्री मीटिंगला बसतो तेव्हा त्याच्या दोन्हीकडच्या गोष्टी वाया जातात. जंगलाच्या कडेला नेटवर्कचा भरवसाही नसतो.

खरा उपयोग एकच, फोटोंचा बॅकअप. इथे थोडा हिशोब करू. कॅमेऱ्यात रॉ फॉरमॅटमध्ये काढलेला एक फोटो सरासरी ३० एमबीचा धरा. वाघ समोर आला की बोट बटणावरून निघत नाही. सेकंदाला १० फोटोंच्या वेगाने पाच सेकंद दाबलं तरी ५० फोटो, म्हणजे दीड जीबी. तीन दिवसांत सहा सफाऱ्या, प्रत्येकीत ५०० फोटो धरले तर ३,००० फोटो, साधारण ९० जीबी. रिसॉर्टच्या वायफायवरून हे क्लाउडवर टाकू म्हणाल, तर १० एमबीपीएस अपलोड सलग मिळालं तरी वीस तास लागतील. सलग मिळत नाही.

म्हणजे १२८ जीबीची दोन कार्डं आणि एक छोटी एसएसडी असली तरी काम भागतं. आजच्या बऱ्याच फोनना कार्ड रीडर आणि एसएसडी जोडता येते, लॅपटॉप लागतच नाही. हे सगळं निघायच्या आधी घरी एकदा जोडून बघा, केबल चुकीची निघाली तर मोहर्लीत दुकान शोधत फिरावं लागेल. हजारो फोटो रोज रात्री निवडायचेच असतील, तर मात्र लॅपटॉप न्या.

बॅकअप का, हे महाडकराला वेगळं समजवावं लागत नाही. २०२१ च्या पुरात दुकानांतले संगणक गेले, घरातली कागदपत्रं गेली, लग्नाचे अल्बम चिखलात सापडले. कार्ड आणि एसएसडी एकाच बॅगेत ठेवली तर ती बॅग हरवल्यावर दोन्ही जातात. कार्ड खिशात, एसएसडी बॅगेत, आणि घरी आल्यावर एक प्रत मुंबईच्या नाहीतर पुण्याच्या नातेवाइकाकडे. सगळ्या प्रती नदीकाठच्या एकाच घरात नकोत.

ऊन, धूळ आणि दमट हवा

आपल्याकडचा त्रास ओलीचा, चंद्रपूरचा त्रास उन्हाचा. वाघ दिसायची शक्यता जास्त म्हणून लोक एप्रिल-मे धरतात, तेव्हा चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. बहुतेक लॅपटॉप आणि फोन ३५ अंशांपर्यंत वापरण्यासाठी बनवलेले असतात. बंद गाडीत, काचेतून ऊन येत असताना आत ठेवलेल्या बॅगेत काय होत असेल याचा अंदाज करा. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेने सगळ्यात लवकर घटतं. दुपारी परत आल्यावर तापलेला कॅमेरा लगेच चार्जिंगला लावू नका, आधी निवू द्या.

धूळ वरून. जिप्सी उघडी, रस्ते मातीचे. सफारीत लेन्स बदलायची नाही, एक लेन्स लावून जायचं. वर एक सुती पंचा टाकला की झालं, महागडं कव्हर लागत नाही. एसी रूममधून पावसाळी हवेत कॅमेरा एकदम बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते, तो बॅगेतच थोडा वेळ राहू द्या. आणि कोकणात परतल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर पुढच्या गणपतीपर्यंत लेन्सच्या आत बुरशी.

पॉवर बँकेचा घोळ

मुंबई-नागपूर विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, सोबतच ठेवायची. मर्यादा १०० वॅट-अवरची. पॉवर बँकेवर आकडा एमएएचमध्ये असतो म्हणून गोंधळ होतो. २०,००० गुणिले ३.७ भागिले १,००० केलं की ७४ वॅट-अवर येतात, म्हणजे चालते. १०० ते १६० मध्ये असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्याच्या वर नाहीच. आकडा पुसून गेला असेल तर वाद घालायची तयारी ठेवा.

हे नियम उगाच नाहीत. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाच्या तयारीत असतानाच आगीत जळालं, आणि संशय वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर गेला. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी घातली.

ट्रेनने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवले जातात. जेवणाआधीच चार्जिंग उरका.

आणि थेट आफ्रिका असेल तर

केनिया, टांझानियात तीन चौकोनी पायांचा इंग्लंडसारखा प्लग लागतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र गंमत आहे, आपला गिझरचा १५ अँपिअरचा जाड प्लग तिथल्या जुन्या सॉकेटमध्ये बसतो. केनियात जंगलात नेणाऱ्या छोट्या विमानांत हातातल्या बॅगेसकट साधारण १५ किलोच नेता येतं, तिथे लॅपटॉपचं वजन कळतं. आपण पावसाची सवय म्हणून चार्जर, केबल सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळतो. केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे, कापडी पिशव्या न्या. परत येताना १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. महागडा कॅमेरा नेत असाल तर जातानाच विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, येताना तो ‘तिकडून विकत आणलाय का’ हा प्रश्न येत नाही.

शेवटी फोटो टाकण्याबद्दल. ताडोब्याचा वाघ इन्स्टावर टाकायचा मोह सगळ्यांना होतो, टाका की. पण फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते. ती काढून टाका, आणि कुठल्या पाणवठ्यावर, किती वाजता हे कॅप्शनमध्ये लिहू नका. दक्षिण आफ्रिकेत गेंड्यांच्या शिकारीमुळे पर्यटकांना लोकेशन बंद ठेवायला सांगतात. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात वाघांची शिकार करणाऱ्या टोळीचा म्होरक्या पकडला गेला. ताडोब्यापासून राजुरा काही लांब नाही. फोटो घरी पोचल्यावर चार-सहा दिवसांनी टाकला तरी लाइक तेवढेच येतात.