बन्नीचे गवत आणि वेडी बाभूळ

हल्ली दिवाळी सरली की बडोद्याची बरीचशी मराठी मंडळी कच्छच्या वाटेस लागतात. कोणी भुजोडीची शाल घेऊन येतो, कोणी धोरडोचे पांढरे रण पाहून येतो, आणि चांदण्यात मीठ कसे चमकत होते याचे वर्णन शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुढे पंधरा दिवस ऐकावे लागते. भूजहून धोरडोकडे जाणारी सडक ज्या प्रदेशातून जाते, त्याचे नाव मात्र या वर्णनांत सहसा येत नाही. मोटारीच्या खिडकीतून दोन्ही अंगांना काटेरी हिरवे रान दिसते. मंडळी म्हणतात, "रणाच्या तोंडाशी केवढी ही झाडी!" आणि फराळाचा डबा उघडतात. हा प्रदेश म्हणजे बन्नी. त्या झाडीची हकीकत मला आज सांगावयाची आहे, कारण ती झाडी मुळात तेथे नव्हती.

भूजच्या उत्तरेस, कच्छची मुख्य भूमी आणि मोठे रण यांच्यामध्ये ही सपाट पट्टी पसरली आहे. क्षेत्रफळ सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर. दक्षिणेच्या डोंगरांतून खारीसारख्या ज्या लहान नद्या उत्तरेकडे वाहतात, त्यांनी आणि प्राचीन काळी सिंधूच्या पाण्याने आणलेला गाळ येथे साचला. वर गोड्या गाळाचा थर आणि त्याखाली मीठ, अशी या जमिनीची घडण आहे. वर्षाकाठी पाऊस सरासरी तीनशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कधी दोन-तीन दिवसांत वर्षाचा हिशेब चुकता होतो, तर कधी आभाळ नुसतेच भरून येते. अशा भूमीवर झाडे बेताचीच असावयाची: कोठे देशी बाभूळ, कोठे पिलू. खरी संपत्ती गवताची. ज्याला आपण मारवेल म्हणतो ते गवत तेथे जिंजवो या नावाने ओळखतात, आणि धामण तर तेथेही धामणच. चांगला पाऊस झाला की गुडघ्याला लागेल इतके गवत वाढत असे, आणि आशियातील उत्तम कुरणांत बन्नीची गणना होत असे.

कुरण हा शब्द आपल्या घरांत आता फक्त म्हणीपुरता उरला आहे. परंतु आपले पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर ज्या घोड्यांवरून या मुलखात आले, ते घोडे कुरणांवरच पोसले जात. कुरण राखणे हे पागेइतकेच राज्यकारभाराचे अंग होते. कच्छच्या महारावांनाही ही जाण होती. त्यांच्या अमलात बन्नी ही गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली भूमी होती. तेथे नांगर घालण्यास मनाई होती, शेळ्या-मेंढ्यांना वाव नव्हता, आणि गाई-म्हशींमागे चराईचा कर घेतला जाई. त्याला पानचराई म्हणत. आपल्या जुन्या दप्तरांतील वनचराईची ही सख्खी बहीणच. शेळी-मेंढी गवत मुळापर्यंत कुरतडते आणि नांगर खालचे मीठ वर आणतो, एवढे साधे शहाणपण या नियमांच्या मागे होते.

येथील गुरे राखणाऱ्या लोकांना मालधारी म्हणतात. 'माल' म्हणजे जनावरांचे धन, ते धारण करणारा तो मालधारी. मुतवा, हालेपोत्रा, रायसीपोत्रा, जत अशा त्यांच्या अनेक जाती. बहुतेक मुसलमान, आणि त्यांतील कित्येकांचे मूळ सिंधेत. कोणाच्याही नावावर तेथे शेत नव्हते, कुंपण नव्हते. गवत सर्वांचे आणि जनावर ज्याचे त्याचे. एका भागातले गवत संपत आले की कळप पुढे सरकावयाचे, मागचे गवत पुन्हा उभे राहावयाचे. अवर्षण पडले की काही कुटुंबे गुरे घेऊन सौराष्ट्राकडे उतरत, काही उत्तरेस रण ओलांडून सिंधेत जात. १९४७ मध्ये ती उत्तरेची वाट कायमची बंद झाली. फाळणीचे हिशेब आपण माणसांचे मांडतो. एका कुरणाची निम्मी वाट मिटली, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

मी हिवाळ्यात होडकोच्या बाजूस दोन दिवस राहिलो. ज्यांच्या भुंग्यात (गोल भिंतीच्या, गवताने शाकारलेल्या घरास तेथे भुंगा म्हणतात) माझी सोय झाली, त्या वृद्ध मालधाऱ्यांना मी काका म्हणत होतो आणि ते मला भाई. संध्याकाळी दूध काढून झाल्यावर त्यांच्या म्हशी उठल्या, एकीमागोमाग एक अंधारात चालू लागल्या. बरोबर गुराखी नाही, कुत्रा नाही. मी विचारले, "काका, यांच्याबरोबर कोणी जात नाही?"

"कशाला? वाट त्यांनाच आमच्यापेक्षा ठाऊक."

"आणि परत?"

"वासरू इथे आहे, भाई. पहाटे बघा."

पहाटे, अजून तांबडे फुटावयाचे होते तेव्हा, दूरवर घंटेचा आवाज आला आणि काळ्या आकृती एकेक करून आपापल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. गोठा म्हणावा असे काही नव्हतेच. बन्नीची म्हैस ही अशी रात्रीची चरणारी आहे. दिवसाचे ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते तेथे काळ्या कातडीच्या जनावराने रात्र निवडावी यात नवल नाही. परंतु रात्रभर एकट्याने चरून घरी परतणारी म्हैस काही एका पिढीत घडत नाही. कोणत्या रेड्याची आई किती दूध देत होती, ती आजारात कशी टिकली, दुष्काळात तिने किती माती चाटली, हे मालधारी तोंडपाठ सांगतो आणि त्यावरून वळू निवडतो. शिंगांना दोन वेटोळे, अंग भरलेले, आणि चांगली म्हैस दिवसाला बारा ते अठरा लिटर दूध देणारी. २०१० मध्ये या म्हशीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. देशातील मान्यताप्राप्त म्हशींच्या जातींत ती अकरावी. त्या मान्यतेचे विशेष असे की, प्रयोगशाळेच्या किंवा सरकारी फार्मच्या बाहेर, केवळ पशुपालकांनी उघड्या रानात घडविलेल्या जनावराची ती दखल होती. मालधाऱ्यांनी २००८ मध्ये आपली संघटना उभारली होती आणि भूजच्या सहजीवन या संस्थेचे साह्य त्यांना होते.

पाण्याचीही तीच कथा. जमिनीखालचे पाणी खारे, मग एवढी जनावरे प्यावीत काय? उथळ तळ्यांत पावसाचे पाणी साचते, जमिनीत मुरते, आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्या वर तरंगत राहते. तळे आटले की मालधारी त्याच्या बुडाशी उथळ खड्डे खणतात, ते ढासळू नयेत म्हणून फांद्यांची चौकट आणि गवताचे अस्तर बसवतात. त्यास वीरडा म्हणतात. आपल्याकडे नदीच्या वाळूत झिरा काढतात, त्यासारखेच. फक्त येथे फार खोल गेले किंवा फार उपसले तर खालचे खारे पाणी वर येते. म्हणून एका वीरड्यातून थोडेच घ्यावयाचे आणि दुसऱ्याकडे वळावयाचे. गवताचा नियमच पाण्याला लावलेला.

आता त्या झाडीकडे वळू. १९५५ मध्ये बन्नी संरक्षित वन म्हणून जाहीर झाली. गवताळ प्रदेशाला वन म्हणावे, यातच पुढच्या गोंधळाचे बीज होते असे मला वाटते. झाड नसलेली जमीन म्हणजे पडीक जमीन, ही समजूत आपल्याकडे इंग्रजी अमलापासून दृढ झाली आहे आणि पडीक जमिनींच्या नकाशांत आजही कुरणे मोजली जातात. रणाचे मीठ दक्षिणेकडे सरकत आहे, ते अडवावे, या हेतूने १९६१ च्या सुमारास वनखात्याने बन्नीच्या सुमारे एकतीस हजार हेक्टरांवर मेक्सिकोकडील एका काटेरी झाडाची लागवड केली. हेतू चांगला होता, हे मालधारीही मान्य करतात. हे झाड पाण्यावाचून जगते, मिठात जगते, तोडले तर दुप्पट फुटते. आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो. गुजरातीत गांडो बावळ, अर्थ तोच.

तिच्या शेंगा गोड असतात. गवत नसलेल्या वर्षी गुरे त्या खातात, बी पचत नाही, शेणातून पडते आणि खतासह रुजते. म्हणजे कळप जेथे जेथे चरावयास गेला तेथे तेथे त्याने स्वतःच आपल्या कुरणावर बाभूळ पेरली. दक्षिणेच्या नद्यांवर धरणे झाली (खारीवरचे रुद्रमाता हे त्यांपैकीच), गोड्या पाण्याचा येवा घटला, क्षार वाढला. बाभळीला त्याची पर्वा नव्हती, गवताला होती. आज निम्म्याहून अधिक बन्नी या झाडाखाली गेली असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. दाट बाभळीत शिरून पाहिले तर खाली गवताचे पातेही नसते. नुसती कोरडी माती आणि काटे.

याचा सर्वांत मोठा तडाखा गाईंना बसला. पूर्वी बन्नी कांकरेज गाईंसाठी प्रसिद्ध होती. लायरीच्या आकाराची शिंगे (लायरी हे जुने तंतुवाद्य, चित्रात पाहिलेले असेल) आणि राजेशाही चाल असलेली ही गाय मेहसाणा-पाटणकडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिला शेंगा मानवत नाहीत. पोट बिघडते, जबडा धरतो, जनावर दगावते. म्हैस त्यातून बरीचशी तरते. तेव्हा मालधाऱ्यांनी गाई कमी करून म्हशी वाढविल्या. आज आपण ज्या म्हशीचे कौतुक करतो, तिची एवढी संख्या होण्यामागे एका गाईची माघार आहे.

काकांना मी विचारले, "मग ही बाभूळ मुळासकट काढून टाकावी, असे नाही वाटत?"

ते हसले. "सगळी कशी निघेल? चुलीत तीच जळते. गरीब माणूस तिचा कोळसा करून जगतो. मधमाशीही तिच्यावर बसते. गवताची जागा गवताला द्या, एवढेच."

कोळशाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बाभूळ तोडून कोळसा पाडण्यावरची बंदी २००४ मध्ये उठली, आणि २००८ मध्ये पुन्हा लागू झाली. मधल्या काळात जेथे झाडे मुळासकट निघाली तेथे पावसानंतर गवत परत आले, असे गावोगाव सांगतात; जेथे नुसती वरवर तोड झाली तेथे बाभूळ आणखी दाट झाली. झाड काढणे हे काम कुऱ्हाडीचे नसून मुळांचे आहे, आणि त्यानंतर एक-दोन पावसाळे त्या तुकड्यावर जनावर न घालण्याचे आहे. ते पाळावयाचे तर जमिनीवर कोणाचा तरी शब्द चालला पाहिजे.

आणि घोडे तेथेच अडले आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्याने चराईचा सामुदायिक हक्क मान्य केला; बन्नीच्या गावांनी त्याखाली दावे केले. मालधाऱ्यांचे म्हणणे असे की आम्हाला वेगवेगळे सातबारे नकोत, संपूर्ण बन्नी सर्वांची म्हणून द्या. वाटणी मागणारे लोक आपण रोज पाहतो. वाटणी नको म्हणून भांडणारे मी तेथेच पाहिले. दुसरीकडे वनखात्याच्या आराखड्यात कुंपण घालून भाग बंद करण्याची योजना होती, आणि त्याच वेळी काही सधन मंडळी एरंडी-गवारीसाठी परस्पर जमीन नांगरू लागली होती. संघटनेने २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. मे २०२१ मध्ये निकाल झाला: अतिक्रमणे सहा महिन्यांत हटवावीत, आणि वनाधिकार कायद्यानुसार सामुदायिक वन राखण्याचा मालधाऱ्यांचा हक्क कायम राहावा. महारावांच्या काळी जे एका हुकुमाने होत असे, ते स्वराज्यात मिळवावयास वकील करावा लागला. मात्र हुकूम लहरीवर फिरतो, निकाल तसा फिरत नाही, हेही खरे.

एक गोष्ट अनुकूल घडली आहे. पूर्वी या आडबाजूस दूध विकले जात नसे, तूप करून ते भूजला न्यावे लागे. २००९ च्या सुमारास जिल्ह्याचा दूधसंघ, सरहद डेअरी, उभा राहिला, दुधाच्या गाड्या गावात येऊ लागल्या, आणि शहरात मजुरीस गेलेली काही मुले परतली. चांगल्या बन्नी म्हशीची किंमत लाखाच्या घरात बोलली जाते. दर वाढला की कळप वाढतो, आणि कळप वाढला की गवतावर भार पडतो, ही दुसरी बाजू काकांच्याही ध्यानात आहे. "जनावर विकत घेता येते," ते म्हणाले, "गवत कोण विकतो?" खरे तर हल्ली गवताच्या गाड्याही बाहेरून येतात, आणि सरकीच्या पेंडीची पोती मी त्यांच्याच दारात पाहिली. मी तसे बोलून दाखविले, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पेंडीचा भाव सांगितला.

२०२३ च्या अखेरीस बन्नीत चित्त्यांच्या पैदाशीचे केंद्र काढण्याची घोषणा झाली. बडोदे आणि कोल्हापूर येथील दरबारांत शिकारी चित्ते पाळले जात, तेव्हा आपल्या वाचकांना त्यात रस वाटणे साहजिक आहे. चित्त्याला उघडे गवत लागते, हरिण लागते. बाभळीच्या जाळीत तो धावू शकत नाही. त्याच्यासाठी का होईना काही हेक्टर बाभूळ निघेल, असे कोणी म्हणतात. कुंपण मात्र नक्की पडेल, असे मालधारी म्हणतात.

जी मंडळी या हिवाळ्यात धोरडोला जातील, त्यांनी वाटेत भिरंडियारा येथे अवश्य थांबावे. तेथला मावा प्रसिद्ध आहे. तो याच रात्री चरणाऱ्या म्हशींच्या दुधाचा. बन्नी मात्र पाहावयाची असेल तर हिवाळा कामाचा नाही. भाद्रपदात, एक-दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर जावे, आणि बाभूळ काढलेला एखादा तुकडा गावकऱ्यांना विचारून पाहून यावा. चिखल फार असतो, मोटार सडकेवरच ठेवावी लागते.