पेंटॅक्स के१०००
पेंटॅक्स के१००० हा जपानच्या असाही ऑप्टिकल कंपनीने इ.स. १९७६ मध्ये बाजारात आणलेला ३५ मिमी फिल्मचा एसएलआर कॅमेरा आहे. त्याचे उत्पादन इ.स. १९९७ पर्यंत चालू होते. यात फोकस, अ‍ॅपर्चर व शटरचा वेग हे तिन्ही छायाचित्रकारास स्वतः ठरवावे लागतात. त्यामुळे छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत व हौशी छायाचित्रकारांत तो लोकप्रिय झाला. व्ह्यूफाइंडरमधील काटा मध्यभागी आल्यास प्रकाशाचे प्रमाण योग्य समजले जाते. शटर पूर्णतः यांत्रिक असून बॅटरी केवळ प्रकाशमापकासाठी लागते. ती संपली तरी छायाचित्रे काढता येतात. प्रकाशमापक बंद करण्याचे बटण नसल्याने, कॅमेरा वापरात नसताना भिंगावर झाकण लावून ठेवावे लागते.