वेळेचे ठोके उशिरा का पडतात?

आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी वेळेचे संकेत वाजतात. शेवटचा संकेत वाजला की तास पूर्ण झाला, असा त्याचा अर्थ. या ठोक्यांवर कित्येक वर्षे महाराष्ट्रातल्या घरांतली घड्याळे लावली गेली, शाळेचे डबे भरले गेले आणि गिरणीची पाळी गाठली गेली. तेच केंद्र आज मोबाइलवरच्या ॲपमधून ऐकले, तर ठोके उशिरा पडतात. कधी काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटाच्या आसपास. एकाच खोलीत दोघांनी दोन फोनांवर तेच केंद्र लावले, तर दोघांचे आठ वेगवेगळ्या क्षणी वाजतात.

यात ॲपचा दोष नाही. मनोऱ्यावरून निघालेली रेडिओलहर डोळ्याचे पाते लवायच्या आत घरच्या रेडिओपर्यंत पोचते. स्ट्रीमिंगमध्ये आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात. ते सर्व्हरवर ठेवले जातात आणि तिथून आपला फोन ते एकेक करून मागून घेतो. मध्येच जाळे क्षीण झाले तर आवाज तुटू नये, म्हणून फोन थोडा साठा हाताशी राखतो आणि मगच वाजवू लागतो. अखंड ऐकू येण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे, आणि ती वेळेच्या रूपाने मोजली जाते.

काही सेकंदांचा हा उशीर तसा क्षुल्लक. पण स्ट्रीमिंगमुळे रेडिओ ऐकण्याच्या सवयीत नेमके काय बदलले, हे त्यातून कळते. गाणी तीच आहेत, बातम्या त्याच आहेत, पुष्कळदा केंद्रही तेच आहे. बदलली आहे ती ऐकणाऱ्यांची सामाईक वेळ. रेडिओने समाजाला काय दिले, याचा हिशेब आपण बहुधा कार्यक्रमांच्या यादीने करतो. तो या सामाईक वेळेनेही करायला हवा.

एक मनोरा आणि असंख्य नळ

रेडिओचे प्रक्षेपण पावसासारखे असते. केंद्राच्या टापूत शंभर जण ऐकोत की एक कोटी, मनोऱ्याचा खर्च तोच राहतो. कोण ऐकते आहे, हे मनोऱ्याला कळत नाही. पूर्वी रेडिओ बाळगायला परवाना लागे, त्याचे शुल्क दरवर्षी टपाल कचेरीत भरावे लागे. ऐंशीच्या दशकात ही पद्धत संपली. पण त्या परवान्याच्या पुस्तिकेवरूनही सरकारला एवढेच कळे, की या घरात रेडिओ आहे. त्यावर विविध भारती लागते की सिलोन, हे शेजारच्या काकूंना ठाऊक असे, सरकारला नव्हे.

स्ट्रीमिंग म्हणजे घरोघरी दिलेला स्वतंत्र नळ. प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो, म्हणून श्रोते वाढले की खर्च वाढतो. शिवाय प्रत्येक नळाला मीटर असतो. कोणते गाणे कितव्या सेकंदाला पुढे ढकलले, कोणते तीनदा ऐकले, रात्री किती वाजता थांबलो, याची नोंद होत राहते. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणे किमान ३० सेकंद वाजले तरच ते ‘ऐकले’ असे मोजले जाते. मग गाण्याची सुरुवातच पकड घेणारी हवी, असा दबाव संगीतकारावर येतो. यात नवल नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि आपल्या भावगीताचे माप त्याच चौकटीत घडले. ऐकण्याचे साधन ऐकण्याच्या गोष्टीला आकार देते. फक्त दर वेळी तो आकार निराळा असतो.

आठवड्याचे अंतर

या आकाराचे मराठीतले ठळक उदाहरण म्हणजे ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत आणि केंद्रावरच्या सीताकांत लाडांचा पुढाकार. आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर चालायचे ठरले होते. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली.

हे काव्य रेडिओच्या वेळापत्रकाने घडवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. कवीला दर आठवड्याला गीत द्यायचे होते, संगीतकाराला चाल बांधून ते त्या-त्या गायकाकडून बसवून घ्यायचे होते, आणि ऐकणाऱ्याला पुढच्या प्रसंगासाठी आठवडाभर थांबायचे होते. या अंतरात गीत घराघरांत गुणगुणले जाई, त्यावर बोलले जाई, पुढे कोण गाणार याचे तर्क चालत. प्रक्षेपणाच्या वेळी रेडिओला हार घालणाऱ्या घरांच्या आठवणी अनेकांनी लिहून ठेवल्या आहेत. कथा साऱ्यांना ठाऊक होती. उत्कंठा होती ती सर्वांनी मिळून थांबण्याची.

आज ही सर्व गीते कोणत्याही क्षणी, ओळीने, एका दुपारी ऐकता येतात. ही सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, मालती पांडे यांच्यासारखे अनेक आवाज होते. पुढे ध्वनिमुद्रिकांसाठी फडक्यांनी सर्व गीते स्वतः गायली आणि आज बहुतेकांच्या कानी पडते ती हीच आवृत्ती. दुसरे असे, की आठवड्याचे अंतर कोणत्याही ध्वनिफितीत साठवता येत नाही. ते अंतर श्रोत्यांच्या जगण्यात होते. साठवणीचे माध्यम आल्यावर रचना टिकली, तिच्याभोवतीची वाट पाहणे मात्र गेले.

एकत्र ऐकण्याचा प्रयोग

सामाईक वेळेचे महत्त्व ही केवळ स्मरणरंजनाची बाब आहे का? नाही. या प्रश्नाची पद्धतशीर तपासणी महाराष्ट्रातच झालेली आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुण्याहून एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांमध्ये रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावातली वीसेक माणसे एकत्र बसून तो ऐकत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून चर्चा सुरू होई. चर्चेतून निघालेले प्रश्न केंद्राकडे जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. तुलनेसाठी दोन प्रकारची आणखी गावे घेतली होती: जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि जिथे रेडिओच नव्हता. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत भरीव वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच कमी होती. प्रयोगाच्या यशामुळे १९५९ साली अशी मंडळे देशभर सुरू करण्याची योजना आली.

या निष्कर्षाचा अर्थ आजही बारकाईने पाहावा असा आहे. आवाज दोन्हीकडे तोच पोचला होता. फरक पडला तो एका वेळी, एका ठिकाणी ऐकल्यामुळे आणि ऐकल्यानंतर बोलल्यामुळे. इयरफोन लावून एकट्याने ऐकलेला उत्तम पॉडकास्ट माहिती देतो यात शंका नाही. पण त्याच गाडीत, त्याच डब्यात बसलेल्या दहा माणसांनी दहा वेगळ्या गोष्टी ऐकल्या असतील, तर स्टेशनावर उतरल्यावर त्यांना एकमेकांशी बोलायला समान विषय उरत नाही.

निवड कोणाची?

जुन्या रेडिओचे चित्र इतके गोड मात्र नव्हते. घरात एकच संच असे आणि त्याची कळ वडीलधाऱ्यांच्या हाती. बायकांचे कार्यक्रम दुपारी असत. जी बाई त्या वेळी कचेरीत किंवा शेतात असे, तिच्यासाठी ते नसल्यासारखेच. आणि वर बसून निवड करणाऱ्यांच्या आवडीनिवडी साऱ्या देशावर लादल्या जात. हार्मोनियम भारतीय संगीताला मारक आहे असे ठरवून आकाशवाणीने ती पेटी अनेक वर्षे बाहेर ठेवली. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना, १९५२च्या सुमारास, हिंदी चित्रपटगीतांवर मर्यादा आल्या. निर्मात्यांशी वाद झाला आणि ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

तेव्हा श्रोत्यांनी काय केले? काटा फिरवला. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ दर बुधवारी रात्री आठला लागे आणि गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून तीच ऐकू येई. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे श्रोता पूर्वीही मुकाट्याने ऐकून घेत नव्हता. आणि लादणारा कोण, हे त्याला ठाऊक होते. मंत्र्यावर वर्तमानपत्रात टीका होऊ शके, केंद्राला पत्र धाडता येई.

आज आपल्यासाठी निवड करणारे गणित कोणाच्या नावाने ओळखले जात नाही. ते आपल्याला नकार देत नाही, उलट कालच्या आवडीतलेच आज थोडे अधिक वाढते. भीमसेन जोशी ऐकणाऱ्याला आणखी भीमसेन मिळतात. पण नाट्यगीताच्या प्रतीक्षेत रेडिओ सुरू ठेवला आणि आधीचे कापसावरच्या बोंडअळीवरचे भाषण नकळत ऐकले, असे आता घडत नाही. शहरातल्या माणसाच्या कानावर शेतीचे शब्द पडत, ते याच अपघाताने. न मागितलेले कानी पडणे हा रेडिओचा गुण होता आणि वैतागही.

सतत निवडत राहण्याचाही शीण येतो. २०१७ साली सारेगामाने ‘कारवां’ नावाचे यंत्र आणले. त्याचे रूप जुन्या रेडिओचे, पोटात आधीच भरलेली हजारो गाणी. घरोघरी मुलांनी ते आईवडिलांना भेट दिले. ज्यांच्या हाती स्मार्टफोन होता, त्यांनाही ते हवेसे वाटले, कारण एक कळ दाबली की पुढचे काय हे कोणीतरी दुसरे ठरवत होते.

जे मिळाले

मिळालेलेही नीट मोजू या. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणाला भूगोलाची मर्यादा होती. रत्नागिरी केंद्रावरची कोकणी वळणाची बोली परळच्या चाकरमान्याला हवी तेव्हा ऐकू येईलच, अशी खात्री नव्हती. आज आकाशवाणीच्या ॲपवर देशभरातल्या दोनशेहून अधिक वाहिन्या आहेत. नागपूर, सांगली, परभणी, पणजी ही केंद्रे न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून लावता येतात.

मराठी गद्याला तर कानाचा वाचक नव्याने लाभला. २०१७च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आले, तेव्हा सुरुवातीच्या भाषांत मराठी होती. रेडिओवर कादंबरीचे अभिवाचन व्हायचे ते पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. आता पाचशे पानी कादंबरी सलग ऐकता येते. दृष्टिहीन वाचकाला, पाठदुखीने अंथरुणाला खिळलेल्याला, रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. मुलाखत दोन तास चालू शकते, कारण पुढे बातम्यांची वेळ होत नाही. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची आजही मुभा नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. राजकारणावरची मोकळी मराठी चर्चा कानाने ऐकायची, तर श्रोत्याला पॉडकास्टकडेच वळावे लागते.

मनोरा ठेवायचा की नाही

खरा प्रश्न आता मनोऱ्याचा आहे. बीबीसीने हिंदी सेवेचे लघुलहरी प्रक्षेपण जानेवारी २०२०मध्ये थांबवले. आपल्याकडेही मध्यम लहरींची जुनी प्रक्षेपके टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. ‘ॲप आहे ना’ हे त्यावरचे सोपे उत्तर. पण ॲपला चार्ज केलेला फोन लागतो, डेटाचे पैसे लागतात आणि चालू असलेला मोबाइल मनोरा लागतो. पूर येतो किंवा वादळ होते, तेव्हा सर्वांत आधी याच गोष्टी जातात. दोन सेलवरचा रेडिओ तेव्हाही बोलतो.

गंमत अशी, की कित्येक फोनांमध्ये एफएम ऐकण्याची सोय मुळात असते. इयरफोनची तार हीच त्याची अँटेना. फोनातून तारेचे भोकच गेले, काही कंपन्यांनी ही सोय बंद करून ठेवली, आणि हातातला रेडिओ मुका झाला. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन उत्पादकांना ही सोय चालू ठेवण्याविषयी सूचना दिली, ती आपत्तीच्या काळाचा हवाला देऊनच.

त्यामुळे रेडिओ की स्ट्रीमिंग, असा वाद घालण्यात हशील नाही. साठवणे, शोधणे, लांबवर पोचवणे आणि विस्ताराने बोलणे यांत स्ट्रीमिंग सरस आहे. ती कामे त्याला द्यावीत. आकाशवाणीच्या संग्रहातली श्रुतिका, भाषणे, मुलाखती नीट नोंदींसह तिथे याव्यात. सर्वांपर्यंत, फुकट, एकाच क्षणी आणि कोण ऐकते याची नोंद न ठेवता पोचण्याचे काम मनोऱ्याचे आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला अजून जमलेले नाही. उरते ते आपले काम. १९५६च्या त्या गावांत ठोके वेळेवर पडत होते, पण ज्ञान वाढले ते अर्ध्या तासानंतर, रेडिओ बंद करून माणसे एकमेकांकडे वळली तेव्हा. तेवढे करायला आजही कोणते ॲप आडवे येत नाही. वाचनालयाच्या खोलीत, महिला मंडळात, कॉलेजच्या कट्ट्यावर दहा जणांनी एक पॉडकास्ट एकत्र ऐकावा आणि मग फोन उलटा ठेवून बोलायला बसावे.