परड्यातील कोंबडी आणि पळसपापडी

देवळ्याच्या पंचक्रोशीत कांद्याच्या भावाची चर्चा रोज होते. उकिरड्यावर टिपणाऱ्या चार गावठी कोंबड्यांचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः कित्येक घरांत मीठमिरचीचा खर्च या अंड्यांवरच निघतो. म्हणून तलंग खंगू लागली, तुरा फिका पडला, दाणे टिपूनही छाती सुकली, तर कारण शोधणे अगत्याचे आहे.

पुष्कळदा ते कारण म्हणजे आतड्यातील गोल जंत. त्याची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. ती ताजी असताना बाधत नाहीत. परंतु ऊब आणि ओल मिळाली की सुमारे १० ते २० दिवसांत त्यांत अळी तयार होते आणि टिपता टिपता ती पिलाच्या पोटात जाते. तीन महिन्यांच्या आतील पिलांना हा जंत अधिक छळतो. फार झाले तर आतडेच तुंबते. चपटा जंत येतो तो मुंग्या, माश्या, भुंगेरे खाल्ल्याने.

आता औषधांकडे वळू. वावडिंग, कपिला आणि पळसपापडी ही आपली जुनी कृमिनाशके. चरकसंहितेने कृमिघ्न द्रव्यांत विडंगाला अग्रस्थान दिले आहे. पळसाच्या बियांत पॅलासोनिन नावाचे द्रव्य असते आणि कोंबडीच्या जंतांवर या बियांचा परिणाम प्रयोगांतही दिसला आहे. म्हणजे आजीबाईंचा बटवा अगदीच पोकळ नव्हे. तथापि प्रत्येक बीत द्रव्य सारखे नसते आणि मात्रा वाढली तर अपाय होतो; तेव्हा चिमटीच्या अंदाजाने औषध देऊ नये. लसणाची ख्याती मोठी, पण गोल जंतांवर त्याची परीक्षा घेतली तेव्हा तो फारसा उतरला नाही.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. पिलांना रक्ती हगवण लागली, तर बहुधा तो जंतांचा दोष नसून कॉक्सिडिया या सूक्ष्म जीवाचा असतो. तेथे पळसपापडी देत बसणे म्हणजे पिलू गमावणे होय. म्हणून ताजी विष्ठा पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी ओळखता येतात. पिपराझिन गोल जंतांना लुळे करून बाहेर काढते, चपट्यांवर मात्र चालत नाही. औषध दिल्यावर अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही तेथेच विचारावे.

औषधाने पोटातील जंत पडतो, मातीतील अंडे तसेच राहते. खुराडे कोरडे ठेवा, विष्ठा रोज काढून खतात कुजवा, दाणे भुईवर न फेकता भांड्यात द्या, पिले मोठ्या कोंबड्यांपासून निराळी वाढवा. वनस्पती या कामी साह्य करील. झाडूचे काम ती करणार नाही.