फोन अवजार झाला

भारतात २०१९ साली कंपन्यांनी सव्वापंधरा कोटींच्या आसपास स्मार्टफोन बाजारात पाठवले. २०२४ साली हाच आकडा पंधरा कोटी दहा लाखांच्या घरात होता. बाजाराची पाहणी करणाऱ्या आयडीसी या संस्थेची ही नोंद आहे. मधल्या पाच वर्षांत ५जी आले, फोनच्या पाठीवर एकाच्या जागी तीन-तीन कॅमेरे आले, भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड लागला. तरी विक्री होती तिथेच राहिली. टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घरोघरी फोन घ्यावे लागले, म्हणून २०२१ मध्ये ती सोळा कोटींवर चढली आणि पुढच्याच वर्षी १४ कोटी ४० लाखांपर्यंत खाली आली. जगाचा आलेख तर याहून बोलका आहे. २०१६ मध्ये जगभर १४७ कोटी स्मार्टफोन बाजारात आले होते. २०२३ मध्ये ११७ कोटी, म्हणजे दहा वर्षांतले सर्वांत कमी. २०२४ मध्ये आकडा १२४ कोटींपर्यंत सावरला, पण २०१६ च्या जवळपासही गेला नाही.

माणसांनी फोन वापरणे कमी केलेले नाही, उलट दिवसातले अधिकाधिक तास तो हातात असतो. बदलले आहे ते एवढेच, की हातातला फोन लोक आता जास्त वर्षे टिकवतात. कंपन्या याला ग्राहकांची उदासीनता म्हणतात. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून पाहिले तर मात्र ही उदासीनता वाटत नाही. हा विचारपूर्वक केलेला हिशोब आहे, आणि तो बरोबर आहे.

उड्या संपल्या

भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोकणातल्या गावांना त्याचा उपयोग व्हायला बरीच वर्षे जावी लागली. तोवर मुंबईच्या माणसाशी बोलायचे तर नाक्यावरच्या एसटीडी बूथवर रांग लावायची. मग साधा बटणांचा मोबाईल आला आणि एका झटक्यात मुंबई जवळ आली. त्या बदलाची किंमत कुणालाही समजावून सांगावी लागली नाही.

पुढचा मोठा बदल ५ सप्टेंबर २०१६ रोजी झाला. जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले, आणि ज्यांच्याकडे ३जी किंवा साधा फोन होता त्यांना ४जी फोन घेणे भाग पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले होते. २०१४ चा फोन आणि २०१८ चा फोन शेजारी ठेवले तर फरक लहान मुलालाही कळे. पडदा मोठा झाला, संध्याकाळच्या उजेडातही फोटो स्वच्छ येऊ लागला, फोन सारखा हँग होईनासा झाला. तेव्हा दर दोन वर्षांनी फोन बदलण्यात अर्थ होता, कारण दर वेळी हाती काहीतरी नवे लागत होते.

आज २०२० चा बरा फोन आणि यंदाचा फोन शेजारी ठेवा. तारकर्लीला येऊ पाहणाऱ्या पर्यटकाला खोलीचे फोटो पाठवायचे आहेत, देवगडच्या बागायतदाराला वाशीच्या बाजारातला हापूसचा भाव विचारायचा आहे, जत्रेतल्या दशावताराचे व्हिडिओ पाहायचे आहेत, आजीला नातवाचे तोंड बघायचे आहे. ही सगळी कामे दोन्ही फोन सारखीच करतात. ५जी देशात १ ऑक्टोबर २०२२ ला आले, पण ४जीवर नीट चालणारा व्हिडिओ कॉल ५जीवर अधिक नीट चालावा असे त्यात काही उरलेले नव्हते. मालवणी माणूस विचारतो, "चलता हा मां? मगे नवो कित्याक व्हयो?" या प्रश्नाला पटेल असे उत्तर कोणत्याही जाहिरातीत नाही.

या भागात तर अडचण फोनची नसून रेंजची आहे. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, मध्ये दाट झाडी, टॉवर दूर. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातली मुले अभ्यासासाठी डोंगरमाथ्यावर जाऊन बसत होती, काहींनी तिथे झोपड्या उभारल्या, आणि त्याच्या बातम्या देशभर आल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याला घासून गेले. विजेचे खांब आडवे झाले, गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात होती, आणि वीज गेल्यावर टॉवरही मुके झाले. सर्वांत महागडा फोनही त्या आठवड्यात निरुपयोगी होता. अशा जागी राहणाऱ्या माणसाला ठाऊक असते, की पुढचे तीस हजार रुपये फोनवर घातल्याने त्याची अडचण सुटत नाही.

हंगामाचा पैसा

दुसरे कारण सरळ पैशांचे. आयडीसीच्याच नोंदींनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनची सरासरी किंमत २०१९ मध्ये १६० डॉलरच्या आसपास होती. २०२३ मध्ये ती २५५ डॉलर झाली. मधल्या काळात रुपयाही घसरला, त्यामुळे रुपयांत मोजले तर सरासरी अकरा हजारांवरून एकवीस हजारांच्या आसपास गेली. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. सरासरी वाढण्यात हप्त्यांवर महाग फोन घेणाऱ्या शहरी ग्राहकांचा वाटा मोठा आहे. पण सात-आठ हजारांत मिळणारा कामचलाऊ फोन दिसेनासा होत गेला, हेही खरेच.

सिंधुदुर्गातली मिळकत महिन्याच्या एक तारखेला येत नाही. आंबा-काजूचा पैसा मार्च ते मे, पर्यटनाचा दिवाळीपासून मे अखेरीपर्यंत, मासळीचा १ ऑगस्टपासून पुढे. जून आणि जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बारा हप्त्यांचे कर्ज म्हणजे त्यातले दोन-तीन हप्ते हमखास रिकाम्या महिन्यांत येणार. आंब्याला थ्रिप्स लागला किंवा अवकाळी पावसाने मोहर झडला, की बाकीचे हप्तेही अवघड. अशा घरात नव्या फोनची स्पर्धा दुसऱ्या फोनशी होत नाही. ती घरावरच्या कौलांशी, जाळ्याशी, इंजिनाच्या कामाशी, मुलांच्या फीशी होते.

मुंबईहून येणारा फोन

या जिल्ह्याचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरवर चालले. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ होती, आधीच्या जनगणनेपेक्षा कमी. तरुण माणसे मुंबई, पुणे, गोव्याकडे गेलेली, घरी आईवडील. मनीऑर्डरची जागा बँक खात्याने घेतली, पण चाकरमान्याने गावी काही पाठवण्याची रीत टिकली, आणि त्यात स्मार्टफोनची भर पडली. मुलगा नवीन फोन घेतो, त्याचा जुना गणपतीला गावी येतो. आई तो वापरते, आणि तिचा बटणांचा फोन कपाटात जातो.

ही साखळी बाजाराच्या आकड्यांत कुठेच नोंदली जात नाही, पण फोनचे आयुष्य तिच्यामुळे दुप्पट होते. आणि आता ती वरूनच मंदावली आहे. मुंबईतला मुलगाच चार-पाच वर्षे फोन बदलत नसेल, तर गावी येणारा फोन अधिक जुना असतो. त्याची बॅटरी उतरलेली असते, त्याची सॉफ्टवेअर अपडेट थांबलेली असतात. शहरातला संयम गावापर्यंत पोचतो तेव्हा तिथे त्याची अडचण होते. म्हणूनच जुना फोन चालू ठेवण्याचा प्रश्न शहरापेक्षा गावाला जास्त महत्त्वाचा आहे.

खारा वारा

किनाऱ्यावर फोन लवकर मरतो तो चार्जिंगच्या तोंडाशी. आजच्या सी-टाइप पोर्टमध्ये २४ बारीक संपर्कबिंदू असतात. वाऱ्यातले मीठ आणि पावसाळी दमट हवा यांचा थर त्यांवर बसतो आणि वीज वाहू लागली की धातू गंजत जातो. मग केबल एका ठरावीक कोनात धरल्याशिवाय चार्जिंग होत नाही. 'आयपी ६८' असे लिहिलेला फोन पाण्यात चालतो असा समज आहे, पण ती चाचणी गोड्या पाण्यात घेतात. समुद्राच्या पाण्याची हमी त्यात नाही, आणि पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. स्कूबा आणि बोटिंगच्या धंद्यातल्या माणसाला हा फरक खिशातून मोजावा लागतो.

दुसरा दुखावणारा भाग बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी पाचशे ते आठशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची साठवण साधारण पाचवा हिस्सा घटते. फोन संथ झाला, बंद पडू लागला, असे वाटते तेव्हा पुष्कळदा दोष एवढाच असतो. याचा मोठा पुरावा खुद्द कंपनीकडून मिळाला. जुन्या आयफोनची गती आपण कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. कारण दिले ते थकलेल्या बॅटरीचे. टीका झाल्यावर २०१८ मध्ये बॅटरी बदलण्याचा दर ७९ वरून २९ डॉलरवर आणला. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात नव्या फोनची विक्री का घटली त्याची कारणे दिली, आणि त्यांत स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटरीचाही उल्लेख होता. लोकांना नवा फोन नकोच होता, नवी बॅटरी हवी होती.

सिंधुदुर्गाला दुरुस्ती शिकवावी लागत नाही. मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, जाळी तुणायची, इंजिन उघडायचे, आणि नारळी पौर्णिमेनंतर तीच होडी पुन्हा पाण्यात लोटायची, हा इथला जुना शिरस्ता. अवजार जपायचे असते आणि त्याचा झिजलेला भाग बदलायचा असतो. फोन हौसेची वस्तू होता तोवर या नियमातून सुटला होता. आता तोही अवजारांत आला आहे. मालवण, कुडाळ, कणकवलीच्या बाजारात डिस्प्ले बदलणारे, चार्जिंग पट्टी टाकणारे, आयसी काढून बसवणारे कारागीर आहेत. त्यांना अडते ते सुट्या भागांपाशी. कंपनीचा अस्सल डिस्प्ले मिळत नाही, मिळाला तर फोनच्या निम्म्या किमतीला, आणि नकली घातला की रंग फिके पडतात, टच अडखळतो. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, ती काढताना दुसरेच काही तुटण्याची भीती. ग्राहक शेवटी कंटाळून नवा फोन घेतो आणि विक्रीच्या आकड्यात एकाची भर पडते. त्याला मागणी म्हणणे योग्य नाही.

जुन्या फोनचा खरा धोका

फोन टिकवण्याच्या बाजूने बोलताना एक गोष्ट लपवता येणार नाही. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या फोनवरून पैशांचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. बँकांची ॲप जुन्या अँड्रॉइडवर एकेक करून बंद होतात. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने २०१३ च्या अँड्रॉइड किटकॅटवर चालणे थांबवले. यंत्र धडधाकट असूनही फोन बाद ठरतो.

पण हे निसर्गाने घडत नाही, कंपनी ठरवते म्हणून घडते, आणि ठरवले तर बदलतेही. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस २४ साठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. हे महाग फोन होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगने वीस हजारांच्या आतल्या ए १६ ५जी या फोनला सहा वर्षांची हमी दिली, तेव्हा स्वस्त फोनलाही हे परवडते हे सिद्ध झाले. ज्यांना हमीची सर्वाधिक गरज आहे ते ग्राहक याच किमतीचे फोन घेतात.

युरोपीय संघाने हे कंपनीच्या मर्जीवर ठेवले नाही. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० आवर्तनांनंतरही किमान ८० टक्के साठवण राखणारी हवी. मॉडेलची विक्री थांबल्यानंतर सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग आणि किमान पाच वर्षे अपडेट द्यावे लागतात. फोन दुरुस्त करणे किती सोपे आहे याची श्रेणी लेबलवर छापावी लागते.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. दिशा योग्य आहे. पण पोर्टलवरची माहिती आणि ओरोस, देवगड किंवा दोडामार्गच्या दुकानात हाती पडणारा अस्सल सुटा भाग, यांत अजून मोठे अंतर आहे. निर्देशांक सक्तीचा झाला, सुट्या भागांच्या किमती जाहीर झाल्या आणि ते स्वतंत्र कारागिरांनाही मिळू लागले, तरच हे अंतर मिटेल.

यात पर्यावरणाचाही लाभ आहे. ॲपलच्या स्वतःच्या अहवालांनुसार एका आयफोनच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला सुमारे ८० टक्के भाग तो बनवतानाच होतो. म्हणजे फोन दोन वर्षे जास्त वापरणे हाच त्याचा भार कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय, आणि त्यासाठी कुणाला काही नवे विकत घ्यावे लागत नाही.

विक्रीचा आलेख सपाट झाला म्हणून ग्राहकाला पुन्हा भुरळ कशी घालावी, हा कंपन्यांचा प्रश्न आहे. आपले प्रश्न वेगळे आहेत. या दिवाळीत फोन घेण्याआधी निदान चार गोष्टी विचाराव्यात. सध्याच्या फोनला फक्त बॅटरी हवी आहे का? नवा घ्यायचाच असेल तर अपडेट किती वर्षे मिळणार? कंपनीचे सेवाकेंद्र जिल्ह्यात आहे, की कोल्हापूर-गोव्याला जावे लागेल? डिस्प्लेची आजची किंमत काय? उत्तर न देणाऱ्या दुकानातून उठून पुढच्या दुकानात जावे. ग्राहक आग्रहाने टिकाऊपणा मागू लागले, तर कंपन्यांना तोच विकावा लागेल.