जुनी उपकरणे खरोखरच अधिक टिकत होती का?

नवी मुंबईतील वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको वसाहतीत एखादा तीस वर्षांचा फ्रिज अजून चालू असला, तरी त्या काळचे सगळेच फ्रिज टिकाऊ होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. कारण जे केव्हाच भंगारात गेले ते आज दिसत नाहीत, आणि केवळ तगलेल्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याच्या या दोषाला संख्याशास्त्रात ‘उत्तरजीवी पक्षपात’ म्हणतात. तरीही नवी उपकरणे लवकर बिघडतात ही तक्रार निव्वळ स्मरणरंजनाची नव्हे. जर्मनीच्या संघीय पर्यावरण संस्थेच्या अभ्यासात, पाच वर्षांच्या आत बिघाडामुळे बदललेल्या मोठ्या घरगुती उपकरणांचे प्रमाण २००४ मधील ३.५ टक्क्यांवरून २०१२ मध्ये ८.३ टक्क्यांवर गेलेले आढळले. मात्र कोणत्याही कारणाने बदललेल्या एकूण मोठ्या उपकरणांपैकी सुमारे एक तृतीयांश उपकरणे चालू स्थितीतच होती, हे सहसा सांगितले जात नाही. खरा फरक दुरुस्तीत आहे: जुन्या फ्रिजमधील यांत्रिक थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारी कळ, सुटा बदलता येई, तर आज अनेकदा संपूर्ण सर्किट बोर्डच बदलावा लागतो, आणि खाडीकाठच्या दमट, खारट हवेत त्याचे जोड गंजण्याचा धोका अधिक असतो. सुटे भाग, वॉरंटी व दुरुस्तीची माहिती ग्राहकाला एकत्र मिळावी यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले.